शौचातून रक्त पडतंय? प्रत्येक वेळी मूळव्याधच नसते! आतड्याच्या सुजेवर कोणते औषध खरंच चालते, वाचा सविस्तर

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम येतं, कुणी सुरण खायला सांगतं, कुणी 'बिना ऑपरेशन इलाज' अशी पाटी बघून तिकडे घेऊन जातं. बऱ्याच जणांना खरोखर मूळव्याधच असते आणि ती बरीही होते. पण काहींचं रक्त महिना-दोन महिने झाले तरी थांबत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा संडासला पळावं लागतं, रक्ताबरोबर आव पडते, रात्री झोपेतून उठावं लागतं, वजन उतरतं. असं असेल तर तो आजार आतड्याची जुनाट सूज असू शकतो. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात.

औषधाने हा आजार मुळापासून जात नाही. पण ताब्यात ठेवणारी औषधं आहेत, त्यातली काही स्वस्त आहेत, आणि सत्तर वर्षांच्या चाचण्यांमधून ती पारखून निघाली आहेत. या सगळ्या चाचण्यांतून रुग्णाच्या कामाची एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आहे. ती अशी की रक्त थांबलं म्हणून ज्याने रोजची गोळी बंद केली, त्याचा आजार बहुतेक वेळा उलटतो. हे कसं कळलं, कोणत्या औषधाचं काम काय, हळद आणि झाडपाल्याचं खरं किती, आणि उद्या कुणी तुम्हाला औषध चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर काय विचारायचं, ते पाहू.

आजार नेमका काय आहे?

आपल्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती जंतूंना मारण्यासाठी असते. या आजारात ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, त्यातून रक्त आणि आव पडते. याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात फक्त मोठ्या आतड्याला जखमा होतात. गुदद्वाराजवळून सुरुवात होते आणि सूज वर सरकत जाते. रक्त, आव, मुरडा आणि पोट साफ झाल्यासारखं न वाटणं ही याची लक्षणं.

दुसरा क्रोन्स. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण जास्त करून लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला दिसतो. यात पोटात कळ येते, ताप येतो, वजन घटतं. आतडं अरुंद होऊन अडकतं. काहींना गुदद्वाराजवळ भगंदर होतं.

मूळव्याधीत सहसा शौचाच्या वेळी ताजं लाल रक्त पडतं, पण जुलाब, आव, ताप, वजन घटणं हे नसतं. खात्री करायची तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करावी लागते. त्यात आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने लागत नाही. करणी-भानामतीचा तर प्रश्नच नाही. तो लहान-थोर कुणालाही होतो, पण सुरुवात बहुधा ऐन कमावत्या वयात होते.

'हे शहरातल्या लोकांचे आजार' असा समज आहे. तो बरोबर नाही. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर फिरून ५१,९१० लोकांची पाहणी केली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे साधारण ४४. पंजाबचा आकडा आपल्याकडे तंतोतंत लागू पडेलच असं नाही. पण तो हिशोब धरला तर पाच हजार वस्तीच्या गावात असे दोन जण निघतात. ते कदाचित आज मूळव्याधीचं मलम लावून बसले असतील.

औषधाची चाचणी म्हणजे काय? शेतकऱ्याला सांगायला नको

नवं खत चांगलं की जुनं, हे बघायचं तर आपण काय करतो? एकाच रानात काही वाफ्यांना नवं खत घालतो, काहींना जुनं, आणि उतारा मोजतो. पण चांगली जमीन मुद्दाम नव्या खताला दिली तर तुलना खोटी ठरते. म्हणून कोणत्या वाफ्याला काय, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. ही रीत मुळात शेतीतच पक्की झाली. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी ती मांडली. पुढे डॉक्टरांनी तीच माणसांच्या औषधांसाठी घेतली.

औषधाच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट चिठ्ठीने पाडतात. एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला जुनं औषध, किंवा हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी देतात. बहुतेक वेळा कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. कारण हा आजार आपोआप कमी-जास्त होतो, आणि औषध घेतोय या भरवशानेही माणसाला बरं वाटतं. चिठ्ठी न टाकता 'आमच्या औषधाने इतके बरे झाले' असं कुणी सांगितलं, तर तो पुरावा कच्चा.

स्टेरॉइड: आग विझवतं, राखण करत नाही

या आजारातली पहिली मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झाली. ऑक्सफर्डचे डॉ. ट्रुलव्ह आणि डॉ. विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड तपासलं. अंतिम निकाल १९५५ मध्ये आला. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनच्या गटात शंभरातले ४१ जण लक्षणमुक्त झाले होते. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत फक्त १६. त्या काळी या आजाराच्या जोराच्या झटक्यात माणसं दगावत असत. स्टेरॉइडने ते प्रमाण खाली आणलं. आजही आजार भडकला की डॉक्टर प्रेडनिसोलोन ही त्याच कुळातली गोळी देतात, ती यामुळे.

मग तीच गोळी कायम घेतली तर? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. १९६५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या रुग्णांना कमी मात्रेत स्टेरॉइड चालू ठेवून पाहिलं. आजार उलटण्याचं प्रमाण औषध नसलेल्या गोळीइतकंच राहिलं. म्हणजे स्टेरॉइड पुढे चालू ठेवून आजार रोखता येत नाही. उलट जास्त दिवस घेतलं तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग पटकन होतो.

हे सांगायचं कारण आहे. स्टेरॉइड स्वस्त आहे आणि चार दिवसांत फरक दाखवतं. 'त्या गोळीने लगेच बरं वाटतं' म्हणून काहीजण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं ती नेत राहतात. असं करू नका. आणि बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका. शरीर त्या गोळीवर विसंबलेलं असतं. एकदम तोडली तर रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायची असते.

रोजची गोळी: खरी राखण हीच करते

राखण करणारं औषध सापडलं ते सांधेदुखीच्या वाटेने. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्स नावाच्या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सांधेवातासाठी सल्फासॅलाझिन हे औषध तयार करवून घेतलं. देता देता त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना आतड्याची सूज आहे त्यांचं पोटही सुधारतंय.

या गोळीत दोन औषधं जोडलेली असतात. त्यातलं काम नेमकं कोणतं करतं, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उलगडलं. तिथे काम करणारे बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी दोन्ही भाग वेगळे करून एनिमातून दिले. सूज उतरवणारा भाग निघाला ५-एएसए. दुसरा भाग, म्हणजे सल्फा, फक्त पहिल्याला मोठ्या आतड्यापर्यंत पोचवत होता. मळमळ, डोकेदुखीसारखे त्रास बहुतांशी त्याच्यामुळे होते. त्यातूनच नुसत्या ५-एएसएची, म्हणजे मेसालामिनची, गोळी आली.

आता महत्त्वाचा प्रश्न. बरं झाल्यावर ही गोळी बंद केली तर काय होतं? १९७३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये हेच तपासलं. सल्फासॅलाझिनवर बऱ्या असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाची गोळी चालू ठेवली, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. औषध बंद झालेल्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं.

पुढे २००३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या डॉक्टरांनी वेगळ्या पद्धतीने पाहिलं. मेसालामिनवर ठणठणीत असलेले ९९ रुग्ण घेतले आणि कोण मेडिकलमधून नेमाने गोळ्या उचलतो, कोण नाही, याची नोंद ठेवली. नेमाने घेणाऱ्यांपैकी शंभरातले ८९ जण ठणठणीत राहिले. मध्येच सोडणाऱ्यांपैकी फक्त ३९.

आपल्याकडे गोळी का सुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. रक्त थांबलं, बरं वाटतंय, पेरणीचे दिवस आहेत, पैसे खताला लागतात, तालुक्याला जायला एक दिवस मोडतो. वरून कुणी सांगतं, 'एवढ्या गोळ्या खाऊन किडनी जाईल.' मेसालामिनने किडनीला त्रास होतो, पण क्वचित. त्यावर उपाय म्हणजे वर्षातून एक-दोनदा रक्ताची साधी तपासणी. गोळी सोडणं हा उपाय नव्हे.

मेसालामिन परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि सल्फासॅलाझिन चालेल का विचारा. ती बरीच स्वस्त पडते. तिच्याबरोबर फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायची असते. पुरुषांमध्ये तिने शुक्राणू कमी होतात. औषध बदललं की ते पूर्ववत होतात. मूल हवं असलेल्या जोडप्याने हे डॉक्टरांना आधी सांगावं. ज्यांना सल्फाच्या औषधाची अॅलर्जी आहे त्यांनी ती घेऊ नये.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ५-एएसएचा हा फायदा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सिद्ध झाला आहे. क्रोन्समध्ये तो फारसा दिसत नाही. म्हणून आपला आजार दोन्हींपैकी कोणता, हे नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

हळदीचं काय? आणि झाडपाल्याचं?

हळदीतल्या कुरक्युमिन या घटकावर या आजारात खऱ्या चाचण्या झाल्या आहेत. २०१५ मध्ये निकाल आलेल्या एका चाचणीत इस्रायलसह तीन ठिकाणचे ५० रुग्ण होते. मेसालामिन पुरं पडत नव्हतं अशांना त्याच गोळीबरोबर रोज ३ ग्रॅम कुरक्युमिन दिलं. महिन्याने कुरक्युमिनच्या २६ जणांपैकी १४ लक्षणमुक्त झाले. दुसऱ्या गटातल्या २४ पैकी एकही नाही.

हे वाचून लगेच हळदीचं दूध सुरू करायचं का? थांबा. दिल्लीच्या एम्समध्ये ६२ रुग्णांना रोज ४५० मिलिग्रॅम कुरक्युमिन देऊन पाहिलं. २०१७ च्या त्या निकालात काहीच फरक दिसला नाही. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा आहे. हळद सांगलीची असो की वायगावची, तिच्यात कुरक्युमिन थोडंच असतं. ३ टक्के धरलं, तर ३ ग्रॅम कुरक्युमिनसाठी रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. दुप्पट कसाची हळद घेतली तरी ५० ग्रॅम. ते कुणाला जमणार? जेवणातली हळद जेवणापुरती ठीक. कुरक्युमिनच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि चालू औषध न सोडता. त्या चाचणीतही मेसालामिन बंद केलं नव्हतं.

झाडपाल्याने अपाय होत नाही, हा समजही सोडायला हवा. जपानमध्ये निळीच्या झाडापासून केलेल्या औषधाची ८६ रुग्णांवर चाचणी झाली. त्याने आजार खरंच उतरत होता. पण चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने तेच औषध स्वतः विकत घेऊन खाल्लं होतं. त्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं समोर आलं आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ज्या पाल्याला गुण आहे, त्याला अवगुणही असू शकतो. आपल्याकडच्या गावठी पुड्यांत काय मिसळलंय हे सांगायला कुणी बांधील नसतं. एखाद्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी.

क्रोन्स की आतड्याचा टीबी?

हा पेच आपल्या देशात फार मोठा आहे. जगात टीबीचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत, आणि टीबी आतड्यालाही होतो. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार एकाच जागी होतात. दोन्हींत पोट दुखतं, ताप येतो, वजन उतरतं. दुर्बिणीतूनही जखमा सारख्याच दिसतात. तुकडा तपासला तरी दर वेळी खात्री होत नाही.

चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या खात राहिलं तर तेवढे महिने आतडं आतून अरुंद होत जातं.

म्हणून खात्री नसेल तेव्हा आपल्याकडे डॉक्टर आधी टीबीची औषधं देतात आणि काही आठवड्यांनी फरक बघतात. टीबी असेल तर जखमा भरून येतात. यात रुग्णाने दोन गोष्टी पाळायच्या. टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोडायच्या नाहीत. आणि दोन-तीन महिन्यांत फरक नसेल तर गप्प न बसता विचारायचं, 'डॉक्टर, पुन्हा दुर्बिणीने बघायचं का?' कधी कधी क्रोन्सच्या रुग्णालाही टीबीच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, म्हणून नुसत्या वाटण्यावर जाऊ नका.

महागडी इंजेक्शनं आणि नव्या गोळ्या

रोजची गोळी पुरत नसेल, किंवा सारखं स्टेरॉइड घ्यावं लागत असेल, तर पुढची पायरी अझाथायोप्रिन. ही प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी जुनी आणि स्वस्त गोळी आहे. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. काहींच्या अंगात ही गोळी नीट पचवली जात नाही. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, केस झपाट्याने गळतात. हा दोष आशियाई लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे येतो, हे कोरियाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्यामुळे सुरुवातीला वरचेवर रक्त तपासणी चुकवू नका, आणि अचानक केस गळू लागले किंवा ताप आला तर लगेच दाखवा.

त्यानंतर इन्फ्लिक्सिमॅब हे सलाईनमधून द्यायचं औषध. १९९७ मध्ये क्रोन्सच्या १०८ रुग्णांवरच्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी शंभरातल्या साधारण ६५ जणांना चार आठवड्यांत गुण आला. औषध न मिळालेल्यांत १७ जणांना. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि २००५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही त्याचा फायदा सिद्ध झाला.

पण याच औषधाने झोपलेला टीबी जागा होतो. २००१ मध्ये अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणून हे इंजेक्शन घेण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर लपवू नका.

अलीकडे टोफासिटिनिब ही गोळी आली आहे. तिच्यावरची एक महत्त्वाची चाचणी आपल्या देशातली, लुधियानाची आहे. निकाल २०२४ चा. आजार जोरात भडकून दवाखान्यात भरती झालेल्या १०४ रुग्णांना नेहमीचं स्टेरॉइड शिरेतून चालूच होतं. त्यातल्या निम्म्यांना जोडीला ही गोळी दिली. सातव्या दिवशी गोळीच्या गटात ५३ पैकी ४४ जणांना गुण आला, दुसऱ्या गटात ५१ पैकी ३० जणांना. मात्र गोळी घेणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. या गोळीने नागीणही उठू शकते. म्हणून ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची.

गावच्या माणसांचे जंतू दिल्लीत कामाला आले

वाचून नवल वाटेल, पण निरोगी माणसाची विष्ठा तपासून, स्वच्छ करून रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचाही उपचार आहे. आतड्यात कोट्यवधी चांगले जंतू असतात. या आजारात त्यांचा समतोल बिघडतो, तो परत बसवायचा हा प्रयत्न.

एम्सच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. विष्ठा देणारे निरोगी लोक मुद्दाम खेड्यातले निवडले होते. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ६६ रुग्ण होते. एका गटाला आठवड्यातून एकदा असे सात डोस दुर्बिणीतून दिले आणि जोडीला सूज कमी करणारा आहार. दुसऱ्या गटाला नेहमीची औषधं व्यवस्थित मात्रेत. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले शंभरातले ६० जण लक्षणमुक्त होते, दुसऱ्यातले ३२. पुढे वर्षभर नुसत्या आहारावर ठेवल्यावरही काहींचा आजार शांत राहिला.

चाचणी लहान आहे आणि हा उपचार सगळीकडे मिळत नाही. घरी तर अजिबात करून बघू नका. कावीळ, एचआयव्ही आणि औषधाला न जुमानणारे जंतू यांची तपासणी न करता हे केलं तर जीव जाऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा जंतूंमुळे एक रुग्ण दगावला होता.

कधी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं?

ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये ठरवलेली धोक्याची लक्षणं डॉक्टर आजही वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होत असतील, आणि त्याबरोबर खालीलपैकी एक जरी असेल, तर त्याच दिवशी भरती व्हा:

• ताप १०० फॅरनहाइटच्या वर
• नाडीचे ठोके मिनिटाला ९० च्या वर
• हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली

पोट फुगलं, हात लावला तरी दुखत असेल तर तेही धोक्याचं. जुलाब थांबवायची गोळी या अवस्थेत घेऊ नका, आतडं फुगून फुटू शकतं. भरती झाल्यावर साधारण तिघांपैकी एकाला शिरेतल्या स्टेरॉइडनेही गुण येत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुढचा निर्णय घेतात, दुसरं औषध किंवा ऑपरेशन. ऑपरेशन सांगितलं म्हणून रुग्णाला उचलून घरी आणण्याची चूक करू नका. उशीर हाच यात सगळ्यात मोठा घात करतो.

चाचणीत भाग घ्या म्हणाले तर?

मोठ्या रुग्णालयात कधी कधी डॉक्टर विचारतात, 'नव्या औषधाची चाचणी आहे, भाग घेणार का?' घाबरायचं कारण नाही, पण न वाचता सहीही करू नका. केंद्र सरकारचे २०१९ चे नियम रुग्णाच्या बाजूने आहेत. हे प्रश्न विचारा:

• चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवली आहे का? नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'सीटीआरआय' या अक्षरांनी होते. ही नोंदवही मोबाईलवर कुणालाही फुकट बघता येते.
• संमतीपत्र मला समजेल अशा भाषेत आहे का? त्याची प्रत घरी न्यायला मिळेल का? वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं.
• मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का? तेव्हा आजार वाढला तर काय कराल?
• चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? नियमाप्रमाणे तो खर्च चाचणी करणाऱ्यांवर असतो.
• चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का?

चाचणीतून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही. भाग घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर तिथून सरळ घरी या.

हे लक्षात ठेवा

• तीन-चार आठवड्यांहून जास्त रक्त किंवा आव पडत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.
• स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी, रोजची गोळी बरं वाटलं तरी चालू.
• डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी आजार भडकू शकतो. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.
• क्रोन्स असेल तर बिडी-सिगारेट बंद. धुराने हा आजार वाढतो.
• दिवस राहिले म्हणून औषध परस्पर बंद करू नका. बहुतेक औषधं गरोदरपणात चालतात, काही चालत नाहीत. आजार शांत असताना मूल होऊ देणं सगळ्यात चांगलं.
• आजार आठ-दहा वर्षं जुना झाला असेल तर आतड्याच्या कॅन्सरसाठी ठरावीक काळाने दुर्बीण करावी लागते.
• रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, तुमचा कोणता उपचार सरकारी योजनेत बसतो.

शेवटचं, आणि बोलायला सगळ्यात अवघड. हा आजार लाजेमुळे वाढतो. रानात कामाला गेलेली बाई दिवसभर पोट दाबून राहते, एसटीत बसायला माणूस घाबरतो, पाहुण्यांकडे जाणं बंद करतो, आणि घरात कुणाला सांगत नाही. आपल्या घरात कुणी असं वारंवार उठत असेल, जेवण टाळत असेल, तर एकदा विचारा. आणि ज्याची गोळी चालू आहे, त्याला 'आता बरा आहेस की, कशाला खातोस गोळ्या?' असं मात्र विचारू नका. तो बरा आहे तो बहुधा त्या गोळीमुळेच.

(सूचना: ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)